पेवावरचा दगड

जिंतूर, ऑक्टोबर १९४८

ती. अण्णास,

तुमी लिहिलं, ‘बन्सी, वेळच तशी होती, तुझा काय दोष?’ निजामाचं राज्य जाऊन महिना झाला न्हाई, आन् सगळं वेळेवर ढकलून आपण मोकळे!

तुमाला मी अर्धंच सांगितलं होतं. वैशाखात रझाकारांनी आपला कडबा जाळला. फौज आल्यावर शेजारच्या गावचे लोक बदला घ्यायला आले, तवा मी मौलाली पिंजाऱ्याला अंगणातल्या रिकाम्या पेवात उतरवलं आन् तोंडावर दगड ओढला. आपल्या गाद्यांचा कापूस पिंजणारा गरीब माणूस, रझाकारांत कधी गेला न्हाई. लोकांनी घर धुंडाळलं आन् दुपारीच निघून गेले. इथवर खरं हाय.

जमिनीखालच्या पेवात हवा नसते, हे आपल्याकडं लेकरालाही ठाऊक. धान्य काढायच्या आधी आपण पेव दिवसभर उघडं ठेवतो. लोक गेले तरी आतून दगडावर थापा पडायल्या होत्या. मी ओट्यावर बसून ऐकल्या. मनात आलं, आमचा कडबा ह्याच्याच लोकांनी जाळला, भोगू दे घडीभर. दिवस कलल्यावर दगड सरकवला, तवा थापा कधीच थांबल्या होत्या.

गाव म्हणतं, बन्सीधरनं वाचवायला लय केलं.

हे पत्र धाडणार न्हाई. वाचून तुमी पुन्हा माफ कराल. निजाम गेला होता, रझाकार पळाले होते, जमावही गेला होता. त्या दुपारी आपल्या अंगणात राज्य माझं एकट्याचं होतं.

तुमचा,
बन्सीधर