बिकानेरात जागा बघितली

आबांच्या पायांवर सोनमचं डोकं.

फोनवर तुमाला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिवतीय. पूजाकडनं वाचून घ्या.

मिलिटरी क्वार्टरला वेळ हाय, तवर बिकानेरात भाड्यानं घर घेतलं. ह्यांना नव्या कॉलनीतला लिफ्टवाला फ्लॅट आवडला व्हता. मी म्हणलं, भर दुपारी परत बघू. दुपारची मेंढरं बसवायची जागा तुमी तशीच बघायचा न्हवं?

दुपारी कॉलनीत कुत्रंबी दिसंना. जुन्या वस्तीतल्या बोळात मात्र शेरडं निवांत रवंथ करत बसलेली. मी चप्पल काढून उभी ऱ्हायले, पाय भाजला न्हाई. ह्यांनी हसून तिथलंच घर ठरवलं. आता ह्यांचे दोस्त घर बघायला मलाच न्हेत्यात.

ऊन लय हाय, पर सोसतंय. पाणी दिसाआड येतं, आपल्या आटपाडीगत. आईचा खोकला कसा हाय?

दादा सांगत व्हता, मेंढरं विकली तवा तुमी म्हणलात, जन्म त्यांच्या मागं फुकट गेला. तसं म्हणू नका, आबा. त्यांच्या मागं तुमच्यासंगं हिंडले, म्हणून परमुलखात मला जागा बघता आली.

तुमची मेंढरांमागची लेक,
सोनम