देवघराखालच्या ओलीचे कलम

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मी, श्रीमती सुलेखा मनोहर आठल्ये, वय वर्षे बहात्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, राहणार पाया लेबारच्या मागच्या गल्लीतील जुन्या बैठ्या घरांच्या रांगेतले शेवटचे घर, सिंगापूर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने व माझ्या हाताने लिहीत आहे. आज सकाळी अथर्वशीर्ष एकही अक्षर न अडखळता म्हटले आणि कालच्या बाजाराची बेरीज पहिल्या खेपेला जुळली. शुद्धीवर असल्याचा यापेक्षा चांगला दाखला माझ्याकडे नाही.

वकिलांनी इंग्रजीत वेगळे मृत्युपत्र करून दिले आहे. मालमत्तेबाबत दोन्हींत फरक निघाला तर इंग्रजी खरे धरावे. बाकी गोष्टींबाबत हे मराठी खरे धरावे, कारण त्या मी वकिलांना सांगितलेल्या नाहीत.

सहा वर्षांपूर्वी रागाच्या भरात मी जुन्या पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर एक मृत्युपत्र लिहिले होते. त्यात सुनेचे नाव नव्हते. ते रद्द समजावे. पंचांग फाडून टाकले आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा मुलगा अश्विन याने करावी. त्याला घाई करायची सवय आहे. प्रत्येक कागद दोनदा वाचून मगच सही करावी.

कलम २. घर. राहते घर अश्विन आणि त्याची पत्नी क्षिप्रा यांना निम्मे निम्मे द्यावे, दोघांच्या नावाने. अश्विनला वाटेल, आईने सुनेचे नाव कसे घातले. त्याचे कारण कलम सातमध्ये आहे. आधी तिकडे उडी मारू नये, क्रमाने वाचावे.

हे घर आम्ही १९७९ साली घेतले. याची जमीन लाकडी फळ्यांची असून ती मातीवर टेकलेली नाही. खाली विटांचे बुटके खांब, त्यांवर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या. मधे अडीच फूट पोकळी, माणूस पोटावर सरपटत जाईल इतकीच. ह्यांनी तिला पाताळ नाव ठेवले होते. वारा खेळावा म्हणून पाताळाला पुढे-मागे लोखंडी जाळ्या आहेत. त्या कधीही, कोणत्याही कारणाने बुजवू नयेत.

कलम ३. बँकेत जे असेल ते नात चैत्राली हिच्या शिक्षणासाठी. मी भाजीवाल्याकडे दहा सेंट सोडत नाही म्हणून ती मला इथल्या बोलीत म्हणते, "आजी, यू सो कंजूस, लाह." ते सगळे दहा सेंट आता तिचेच.

कलम ४. दागिने. मंगळसूत्राच्या वाट्या चैत्रालीला, मोहनमाळ क्षिप्राला. अश्विन लॉकरमध्ये चार पाटल्या शोधेल. दोनच आहेत. दोन मी २०१४ साली विकल्या. बँकेच्या माणसांवर संशय घेऊ नये.

कलम ५. ह्यांची हत्यारांची पेटी. करवत, पटाशी, हातोडी अश्विनला, जरी त्याने आजवर खिळासुद्धा ठोकलेला नाही. पाणसळ, म्हणजे मधे बुडबुडा असलेली लाकडी पट्टी, ती मात्र चैत्रालीला. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की तिने ती देवघराच्या जमिनीवर आडवी-उभी ठेवून पाहावी. बुडबुडा मधोमध असला तर पेढा खावा. बाजूला गेला असला तर त्याच आठवड्यात माणूस बोलवावा, वर्षे घालवू नयेत.

कलम ६. चुलत दीर दिलीपभावजी यांनी १९९२ च्या गणपतीत माझे तांब्याचे मोदकपात्र नेले ते परत केले नाही. दर वर्षी "आणतोच वहिनी" म्हणतात. ते आता त्यांचेच झाले असे मी लिहून देते. मात्र वर्षातून एकदा तरी त्यात मोदक करावेत. कुंड्या ठेवायला वापरत असल्याचे माझ्या कानावर आले आहे.

कलम ७. देवघराखालची ओल.

अश्विनला मी सांगितले आहे की २०१४ साली देवघराखाली वाळवी लागली म्हणून जमिनीचे काम काढले. ते खोटे आहे. वाळवी नव्हती.

देवाच्या स्नानाचे पाणी न्हाणीत ओतू नये, जिथे पाय पडतो तिथे टाकू नये, असे मला लहानपणापासून माहीत. तुळशीच्या कुंडीला एवढे पाणी सोसेना, पंचामृताने मुंग्या येत. म्हणून १९८१ साली ह्यांनी देवघराच्या कोपऱ्यात फळीला भोक पाडून हातभर नळी बसवून दिली. पाणी थेट पाताळातल्या मातीत जाई, कोणाचा पाय लागायचा प्रश्न नव्हता. रोज दोन तांबे, सोमवारी अकरा, गणपतीत मोजदाद नाही. तेहेतीस वर्षे.

त्यात १९९५ साली एक मांजर नेमके देवघराखाली व्याले. मी पुढच्या-मागच्या जाळ्या विटा लावून बुजवून घेतल्या. हे म्हणाले, "अगं, पाताळाला श्वास नको का?" मी म्हटले, "देवांच्या खाली विटाळ नको."

२००९ मध्ये देवघराची जमीन एका बाजूला दबू लागली आणि कुबट वास येऊ लागला. भिंतीच्या पलीकडे क्षिप्राने नोकरीच्या पहिल्या बोनसमधून घेतलेले कपडे धुण्याचे मशीन होते. ओल मशीनचीच, हे मी पाहता क्षणी ठरवून टाकले. २०१० च्या संक्रांतीचे हळदीकुंकू होते, इथल्या मराठी मंडळातल्या चौदा-पंधरा बायका बसल्या होत्या. एकीने विचारले, जमीन हलते का हो इथे. मी सगळ्यांसमोर म्हटले, "आमच्या सूनबाईंच्या हाताला पाण्याची किंमत नाही. नाशिकला गोदावरी दाराशी असेल, इथे घर कुजतंय."

क्षिप्राच्या हातात तिळगुळाचे ताट होते. ती म्हणाली, "आई, मशीन कोरडं आहे. हवं तर फळ्या उचलून बघू या."

मी म्हटले, "देवाखालची जमीन उचकटायची नाही."

तिने ताट फिरवून संपवले. मे महिन्यात ती दोघे क्लेमेंटीला फ्लॅट घेऊन गेली, मशीनही गेले. तेव्हापासून ती सणाला येते, सगळा स्वयंपाक करते, पण देवघराच्या आत पाऊल टाकत नाही. उंबऱ्याबाहेरून नमस्कार करते. मी आत बोलावले की म्हणते, "नको आई, माझे पाय ओले असतील." आवाज चढवत नाही. सहा वर्षे हेच एक वाक्य.

मशीन गेले तरी जमीन दबतच राहिली. मशीनची जुनी ओल मुरली असेल, असे मी धरून चालले. २०१३ ला हे गेले. पुढच्या वर्षी एका संध्याकाळी समई लावताना पाहिले की तेल सगळे भिंतीकडे सरकले आहे, त्या बाजूची वात बुडाली आहे आणि उंबऱ्याकडची कोरडी जळते आहे. तेव्हा कोणाला न कळवता दुरुस्तीवाले मिस्टर लिम यांना बोलावले. साठीचा काटकुळा माणूस. विटा काढून, टॉर्च घेऊन पोटावर सरपटत आत गेले. बाहेर आले तेव्हा ओंजळीत कुंकवाने लाल झालेली माती, तीन सुपाऱ्या आणि काही जुनी नाणी होती. ते इंग्रजीत म्हणाले, त्याचा अर्थ असा : "आंटी, खाली देऊळ आहे. मी हात लावू की नको?"

मग त्यांनी समजावले. नळीखाली मातीचा ओला ढीग. जाळ्या बंद, त्यामुळे दमट हवा आतच कोंडलेली. तीन तुळयांना पांढरी बुरशी, त्यांच्या टोकांत स्क्रूड्रायव्हर शिजलेल्या सुरणात सुरी जावी तसा जात होता. दोन खांबांच्या विटांमधला चुना भुगा झालेला. मी विचारले, आणि मशीन होते तिथे? ते म्हणाले, तिथे कोरडे खडखडीत. धुळीत त्यांच्या कोपरांचे ठसे उमटले होते.

"हे पाणी कोण ओतत होतं?" त्यांनी विचारले.

"घरातलं माणूस," मी म्हटले. परक्या माणसापुढेसुद्धा मला 'मी' म्हणता आले नाही.

काम पाच आठवडे चालले. देव जेवणाच्या टेबलावर बसवले. ओली माती काढली, जाळ्या उघडल्या, दोन मोठे पंखे लावून खाली अकरा दिवस वारा दिला. जॅक लावून जमीन रोज सुतासुताने वर घेतली. घाई केली तर भिंतींना तडे जातात म्हणाले. कुजलेली टोके कापून शेजारी चेंगल या इथल्या टणक लाकडाच्या नव्या तुळया बोल्टने जोडल्या, खांबांचे सांधे भरले, मातीवर जाड प्लास्टिक अंथरले. नळी काढून भोक बुजवले. सुपाऱ्या आणि नाणी मी धुऊन डब्यात ठेवली आहेत. पाटल्या या कामी गेल्या. अश्विनकडे मागितले असते तर त्याने कारण विचारले असते.

ओल क्षिप्राची नव्हती. माझी होती. ती खरे बोलली होती आणि फळ्या उचलायला निघाली होती, तेव्हाच ऐकले असते तर एकच तुळई बदलावी लागली असती असे मिस्टर लिम म्हणाले. हे मला कळून दोन वर्षे झाली, तरी मी तिला उंबऱ्याबाहेर उभी राहू दिली. ही दोन वर्षे आधीच्या चारांपेक्षा वाईट, कारण आधीची चार अज्ञानात गेली. पाण्यासाठी देव मला क्षमा करतील असे वाटते. याच्यासाठी त्यांच्याकडे मागणे बरोबर नाही.

कलम ८. देव. टाक, बाळकृष्ण, शाळिग्राम आणि समई क्षिप्राला, तिची इच्छा असली तर. नसली तर मंडळाच्या पूजेत द्यावेत आणि तिला कोणी एक शब्द बोलू नये. ठेवले तर स्नानाचे पाणी तीन-चार कुंड्यांत वाटून घालावे. कुंडीखाली बशी ठेवू नये, डासांची तपासणी करणारे दंड करतात. पाणी बेताचे घ्यावे. एका पळीनेही देवाचे स्नान होते, हे मला उशिरा कळले.

साक्षीदारांविषयी. हे मृत्युपत्र मी गेल्यावर उघडावे असा आधी विचार होता. पण जे पंधराजणींसमोर बोलले ते माझ्यामागे पाकिटात बंद करून फेडता येत नाही. म्हणून साक्षीला त्या दिवशी हजर असलेल्यांपैकीच दोघींना बोलावले. सही होताना पाहणे एवढेच साक्षीदारांचे काम असते, तरी कलम सात त्यांना देवघरात बसवून मोठ्याने वाचून दाखवत आहे. वारसाने सहीच्या वेळी खोलीत नसलेले बरे, असे वकील म्हणाले. म्हणून क्षिप्राला स्वयंपाकघरात बसायला सांगितले आहे. भिंत पातळ आहे, सगळे ऐकू जाते.

(सही) सुलेखा मनोहर आठल्ये

आम्ही खाली सही करणाऱ्या. सुलेखाताईंनी आमच्या दोघींच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली. कलम सात आम्ही ऐकले. २०१० च्या हळदीकुंकवाला जे बोलले गेले, तेही आम्ही ऐकले होते. त्या दिवशी आम्ही वाण घेऊन गप्प घरी गेलो, हेही यात नोंदवावे अशी आमची विनंती आहे.

१. (सही) अनघा पेंढारकर
२. (सही) निशिगंधा टिपणीस

सिंगापूर. मार्गशीर्ष पौर्णिमा, शके १९३८, मंगळवार, दिनांक १३ डिसेंबर २०१६.

सहीच्या खाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे वकील म्हणाले होते. न धरले तरी चालेल. सह्या झाल्यावर क्षिप्रा चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्याशी आली. ट्रे निशिगंधाबाईंच्या हातात दिला, पायपुसण्यावर पाय पुसले, दोन्ही, नीट, आणि म्हणाली, "आई, कोरडे आहेत. येऊ?"

मी हो म्हणेपर्यंत ती आत आली होती.