आबांचं पाणी

प्रिय निशू,

पाकीट पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझ्या बाबांची शुगर ते सांगतात त्याहून जास्त आहे. तानाआत्ती आषाढापासून इथेच मुक्कामाला आहेत, त्यामुळे घरात शांतता अशी नाही. हे सगळं फोनवर सांगायला मी तीनदा बसले. तिन्ही वेळा तू मीटिंगमध्ये होतीस आणि खरं सांगते, फोन ठेवताना मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणून लिहिते आहे. कागदाला मीटिंग नसते.

काल पंचमी झाली. मळ्याच्या रस्त्यावरच्या सगळ्यांच्या लेकी आल्या, झोपाळे बांधले, फेर धरले. तू दोन वर्षं आली नाहीस. लोकांना मी नोकरीचं सांगते, पण कारण तुला माहीत आहे आणि मलाही. दोन वर्षांपूर्वी पंचमीच्या दुसऱ्या सकाळी पोहायच्या टँकच्या फाटकाचं कुलूप उघडं सापडलं. आदल्या संध्याकाळी शेवटची पोहली होतीस तू. आणि आबा त्याच फाटकातून आत जाऊन पाण्यात गेले. एवढं उराशी घेऊन तू बंगळूरला बसली आहेस. मला त्याबद्दलच लिहायचं आहे. पण मला थेट मुद्द्यावर येता येत नाही, हे तू लहानपणापासून ऐकवत आलीस. तेव्हा थोडं मागून येऊ दे.

टँक आला तो दिवस आठवतो का? ऐन ऊस तोडणीचा हंगाम. पुण्याहून निघालेला तो लांबडा ट्रेलर आपल्या वळणावर उसाच्या दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये अडकला आणि अर्धा दिवस तिथेच. वर फायबरचं अखंड निळं भांडं, वीस फूट बाय दहा. ते बघून आपल्याकडे कामाला येणारी चिमणाबाई किंचाळलीच होती, "आगं बया, गुऱ्हाळाची काहील आनली व्हय ही!" आबा इतके हसले की खोकल्याची उबळ आली. टँक आला होता त्यांच्या गुडघ्यांसाठी. पाण्यात चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि तरुणपणी पंचगंगेच्या पुरात पुलावरून उड्या टाकलेल्या माणसाला तुझ्या बाबांनी नदीवर जायची बंदी केली, त्याला सहा वर्षं झाली होती. आबांनी बंदी मानली होती, पण ते रुसलेच होते. टँकवर त्यांचा रुसवा गेला.

बसवायला गडहिंग्लजचा मृत्युंजय आला होता. खड्ड्यात बारीक खडीचा थर, त्यावर पाण्याच्या नळीनं लेव्हल, मग क्रेननं भांडं अलगद खाली. घरातले पुरुष क्रेनचे फोटो काढण्यात गुंग होते, म्हणून त्यानं सगळं मला शिकवलं. आत वीतभर पाणी सोडायचं, तेवढीच बाहेरून खडी भरायची, पुन्हा वीतभर पाणी. घाई नाही. जाताना त्यानं मला बजावलं, "वैनी, एक ध्यानात ठेवा. आतलं पानी आन् भायेरचं पानी एकमेकाला धरून असतंय. पावसाळ्यात आतलं सगळं काडलासा की भायेरचं गप्प बसत न्हाई, भांडं वर ढकलतंय." मी गॅसच्या वरच्या कॅलेंडरवर ते लिहून ठेवलं.

तेव्हापासून टँक माझ्याकडेच आला. मी कोडोलीची, वारणा उशाशी, पण आमच्यात मुलींना पोहायला कोण सोडत होतं? जिला पोहता येत नाही ती रोज सकाळी पाण्याची परीक्षा घ्यायला लागली. परीक्षानळीत दोन थेंब टाकून रंग बघायचा, क्लोरीन कमी की जास्त. जाळीनं कडुलिंबाची पानं काढायची. फिल्टर आठवड्यातून एकदा उलटं पाणी सोडून धुवायचा. पाणी नुसतं बघून मला कळायचं, आज शेवाळ धरणार की उद्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण या घरातली एवढी एकच गोष्ट मला कुणाहीपेक्षा जास्त कळत होती. मला त्याचा गर्व होता, निशू.

आणि सहाच्या सुमारास आबा यायचे. कठडा धरून पायऱ्या उतरायचे, चार हात मारायचे आणि मग पाण्यावर उताणे निजायचे. हात पसरलेले, डोळे मिटलेले, पोट वर. दहा-दहा मिनिटं हलायचे नाहीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडले होते. त्यांनी एक डोळा उघडून मला दटावलं, "हितं बी झोपू देत न्हाईस व्हय?" पुढे मला सवय झाली. ते निजलेले असताना मी कडेला बसून चहा प्यायची. आम्हा सासरा-सुनेचं फार बोलणं कधी झालंच नाही, पण ती दहा मिनिटं मला आवडायची.

जूनमध्ये त्यांना अंगणात चक्कर आली आणि डॉक्टरांनी पाणी बंद केलं. तुझ्या बाबांनी टँकभोवती जाळीचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. शेवटी पोहणाऱ्यानं कुलूप लावायचं, असा नियम ठरला. तू पंचमीला आलीस, संध्याकाळी पोहलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, पाणी फुप्फुसात फारसं गेलंच नाही. पण ते कोण ऐकतंय! तानाआत्ती ओसरीवर बसून येईल त्याला सांगत होत्या, "पोरीनं कुलूप लावलं न्हाई म्हनून माझा भाऊ गेला." तू दाराआड उभी होतीस. तुझा चेहरा मी पाहिला होता.

पुढचं तू पाहिलं नाहीस. रक्षाविसर्जन झाल्याबरोबर तू गेलीस. त्या दिवशी घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतलं, हंडे, माठ, न्हाणीघरातली पिंपं. सुतकात ओततातच. मग तानाआत्ती टँककडे हात करून म्हणाल्या, "आन् ते? मानूस ज्यात गेला ते पानी घरात ठेवतासा?" तुझ्या बाबांनी पंप लावला. दुपारपर्यंत उसाच्या सरीत पाणी वाहत होतं. पंचगंगा तेव्हा पात्राबाहेर होती, आपल्या विहिरीचं पाणी हाताला लागत होतं. मला माहीत होतं काय होणार. कॅलेंडरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर सगळे माझ्याकडे वळले असते, आणि त्या दिवसांत कुणी माझ्याकडे नीट पाहावं हे मला सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर टँक जमिनीतून वर आला होता. एका अंगाला दीड फूट, दुसऱ्या अंगाला थोडा कमी. कडेच्या फरश्या उचकटल्या होत्या, खाली चिखलाचं पाणी बुडबुडत होतं. माणूस अंथरुणात एका कोपरावर उठून बसावा तसा. चिमणाबाईनं हातातलं शेणाचं घमेलं टाकलं आणि ओरडत पळाली, "आबा उठलं!" संध्याकाळपर्यंत माणसं बघायला येत होती. कुणी हळद-कुंकू टाकून गेलं, कुणी नारळ ठेवून गेलं. तानाआत्ती तर म्हणाल्या, पाणी काढलं म्हणून आबा रागावले. मला ठाऊक होतं की ते जमिनीतलं पाणी आहे, दुसरं काही नाही. सगळं माहीत असून मी ते होऊ दिलं होतं.

जवळजवळ दोन वर्षं टँक तसाच होता. तुझे बाबा त्याचं नाव काढू देत नव्हते. कललेल्या बाजूला पावसाचं पाणी साचायचं, बेडूक, शेवाळ. चिमणाबाई मागच्या दारानं यायची बंद झाली. आणि मला, तुला हसू येईल, सकाळी सहाला पाणी वाजलेलं ऐकू यायचं. कडेवर थापटी मारल्यासारखं, सावकाश, चार वेळा. मग गप्प. ते गप्प राहणंच मला सोसायचं नाही. उन्हाळ्यात टँकमध्ये वाटीभर पाणी नसायचं, तरी वाजायचं. मी गॅस मोठा करायची, मिक्सर लावायची. मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी अंगारा लावला असता. मला अंगारा नको होता.

गेल्या मे महिन्यात मीच हट्ट धरून मृत्युंजयला बोलावलं. क्रेननं भांडं उचललं, खडी बदलली, पुन्हा बसवलं. शेजारी एक उभा पाइप पुरला आहे, त्यात काठी घालून जमिनीतलं पाणी किती चढलं ते बघायचं. भांड्याला तडाही नव्हता. त्यानं फक्त विचारलं, "वैनी, सांगितलं हुतं की मी तुमास्नी?" मी म्हटलं, सांगितलं होतंस. टँक आता भरलेला आहे. पाणी स्वच्छ आहे. सहाला अजून वाजतं.

आणि गेल्या रविवारी, खूप दिवसांनी, तू आपणहून आबांचा विषय काढलास. म्हणालीस, "आई, मला आता स्पष्ट आठवतंय. मी कुलूप लावलंच नव्हतं. टॉवेल घेऊन तशीच आत आले." दोन वर्षं तू "बहुतेक लावलं होतं" म्हणत होतीस. बहुतेकचं कदाचित झालं, कदाचितचं माहीत नाही झालं. ते होताना मी ऐकत होते. आणि आता तुला जे घडलंच नाही ते आठवायला लागलं. फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले.

आबा आठ दिवस माझ्यामागे लागले होते, निशू. "पोरी, एकदा दार उघड की. निस्ता निजतो पान्यावर." मी रोज नाही म्हणत होते. त्या सकाळी त्यांनी मागितलंसुद्धा नाही. मी बाहेर आले तर ते कुंपणाबाहेर ओल्या जमिनीवर बसले होते, हात जाळीतून आत घातलेला, पाणी दोन हात लांब. त्यांना मी दिसले तसा त्यांनी हात काढून घेतला, चोरी सापडल्यासारखा. मला लाज वाटली. मी जाऊन किल्ली आणली आणि कुलूप काढलं. पायऱ्या उतरताना मीच त्यांना धरलं. पाणी छातीला लागलं तसे म्हणाले, "आता कसं!" एवढंच. मग उताणे निजले. मी चहा करायला आत गेले. दोन कप घेऊन आले तेव्हा ते तसेच निजलेले, डोळे मिटलेले. मी म्हटलं, असू दे. मी कडेला बसले, निशू. माझा सगळा चहा पिऊन झाला. त्यांच्या चहावर साय धरली तेव्हा मी हाक मारली. मला पोहता येत नाही. पानं काढायच्या जाळीच्या दांड्यानं मी त्यांना कडेला ओढलं. मग आत जाऊन किल्ली खिळ्याला लावली, कुणी काढलीच नव्हती असं दिसावं म्हणून. आणि त्यानंतर ओरडले. आधी किल्ली, मग ओरडणं. तानाआत्तींनी तुझं नाव घेतलं तेव्हा मी तिथेच उभी होते. मनात म्हटलं, लेकीला सगळे माफ करतील, सुनेला कुणी करणार नाही. असा हिशेब मी माझ्या पोरीवर केला.

आज आबांचं दुसरं वर्षश्राद्ध होतं. पानं वाढून झाली, कुणी घास घ्यायच्या आधी मी हे सगळं उभ्यानं सांगितलं. तुझे बाबा पानावरून उठले आणि टँकपाशी जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. अजून तिथेच आहेत. तानाआत्तींनी पान बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "भाऊ माझा गेलाच असता गं. पर दोन वर्सं पोरीला जाळत ठेवलीस?" पुढे या घरात माझं काय होईल ते होईल. तू ये म्हणत नाही, मला माफ कर म्हणायची तर हिंमतच नाही. फक्त आठवणीत जे नवीन आलं आहे ते काढून टाक, ते खोटं आहे. तू कुलूप लावलं होतंस. उघडायच्या आधी मी सवयीनं ओढून पाहिलं होतं. पक्कं लागलेलं होतं.

तुझीच,
आई