दुसऱ्या परीक्षकाचे मृत्युपत्र

मी, पुष्पांजली वामनराव शेळके, वय एकतीस, अविवाहित, राहणार डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे, कोणाचा दाब नाही, तापही नाही. सकाळपासून दोनदा पाहिला. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी धोका शंभरात दोन सांगितला. मी त्या दोनांसाठी लिहिते आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, नकला मात्र खूप केल्या. माझे वडील मेहकरला तहसिलीबाहेर दस्तलेखक होते. शाळेत जाण्याआधी मी त्यांच्या कच्च्या मसुद्यांवरच अक्षरे गिरवली. त्यांनी शिकवलेला पहिला नियम असा : "ज्याले काही भेटणार हाये, त्याची साक्ष घ्यायची नाही. तो देवमाणूस असला तरी नाही."

१. राहत्या घरातील माझा हिस्सा आणि बँकेतील ठेव आई वंदना हिला. तिच्यानंतर भाऊ हर्षल याला. त्याने घर विकू नये असे मी लिहीत नाही. तो माझे जिवंतपणी ऐकत नाही.

२. गळ्यातली साखळी हर्षलच्या होणाऱ्या बायकोला. ती कोण हे ठाऊक नसताना देत आहे, याची तिने नोंद घ्यावी.

३. सूक्ष्मदर्शक गावच्या शाळेला. भिंगे मऊ सुती कापडाने पुसावीत, ओढणीने नाही.

४. तुरीच्या मर रोगावरील माझा शोधनिबंध कोणालाच देत नाही, कारण तो कोणी घेतला नाही. उभे झाड का वाळते हे मी तीन हंगाम आमच्या वावरात मोजले. पहिल्या नियतकालिकाने लेख परीक्षकांकडे न पाठवताच दोन दिवसांत परत केला. दुसऱ्याने अकरा महिने ठेवला. त्याचा एक परीक्षक म्हणाला नोंदी फार आहेत, दुसरा म्हणाला अपुऱ्या आहेत. तिसऱ्याच्या दोन्ही परीक्षकांनी होकार दिला आणि संपादकांनी नकार.

डिंपल मोतीराम लहाने ही माझी मैत्रीण. मार्गदर्शक एकच, रोग एकच, तिचे वावर आमच्या बांधाला लागून. तिचा पहिला लेख चार महिन्यांत स्वीकारला गेला. तिने पेढे आणले. कोणाला शंका येऊ नये म्हणून मी दोन खाल्ले.

५. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले आहे.

मागच्या ऑक्टोबरात एका नियतकालिकाने मला परीक्षक म्हणून एक हस्तलिखित पाठवले. तिथे लेखकाला परीक्षकाचे नाव कळत नाही आणि परीक्षकाला लेखकाचे. पण दुसऱ्या पानावर खाऱ्या विहिरीचे वावर होते, आणि त्या विहिरीचे पाणी मी प्यायले आहे. लेख डिंपलचा होता. अर्जात प्रश्न होता, या लेखाशी आपला काही हितसंबंध आहे का? मी "नाही" वर खूण केली. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या मुलीने केली.

मग लिहिले : "दोन हंगामांच्या नोंदी अपुऱ्या आहेत. आणखी दोन हंगाम घ्यावेत. लेखकाने घाई केलेली दिसते." नोंदी खरोखरच कमी होत्या. तरी ते लिहिताना मला जो आनंद झाला, तो नोंदींबद्दलचा नव्हता.

आठवड्याने डिंपल फोन घेऊन आमच्या ओट्यावर आली. "पुष्पे, पाह्य बरं या दुसऱ्या परीक्षकाचा थाट. घाई केली म्हणते! बुढ्ढा असंन कोणीतरी, पोट साफ होत नसंन त्याचं."

आई म्हणाली, "त्याले वावरात आण एकदा. तुरीच्या खुंट्या टोचल्या की कळते."

डिंपल म्हणाली, "मार्चात कॉलेजात मुलाखत हाये माही. तवरोक हा स्वीकारला नाही तर जागा गेली. उत्तर कसं लिहू, सांग ना. तुले जमते असं गोड गोड."

मी लिहून दिले. माझ्याच आक्षेपाला मीच उत्तर दिले, आणि ते आक्षेपापेक्षा चांगले झाले, याचाही मला राग आला.

जानेवारीत सुधारलेला लेख पुन्हा माझ्याकडेच आला. मी तीन आठवडे उघडला नाही. होकार दिला तर तीही खोटी साक्षच. शेवटी २ फेब्रुवारीला संपादकांना सर्व कळवले. त्यांनी माझे नाव परीक्षकांतून काढले आणि लेख नव्या परीक्षकाकडे पाठवला. त्यामुळे डिंपलला आणखी उशीर होणार आहे. तोही माझ्यामुळेच.

६. माझ्या तीन हंगामांच्या वह्या डिंपलला. तिच्या लेखात कमी पडतात त्याच या नोंदी. मृत्युपत्राने दिलेली वस्तू मेल्यावर मिळते आणि मुलाखत मार्चात आहे, म्हणून वह्या आजच देत आहे. लेखकांच्या यादीत माझे नाव तिच्या नावाखाली चालेल. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. नाव घातलेच नाही तरी माझ्या वारसांनी तक्रार करू नये.

आज सकाळी डिंपल आपणहून म्हणाली, "साक्षीले मी सही करतो ना."

मी म्हटले, "तुला काही मिळणार आहे, म्हणून तुला करता येणार नाही."

"मले काय देऊन राह्यली तू? ते माती काढायचं गंजलेलं गिरमिट?"

मी चौथ्या ते सहाव्या कलमाचे कागद तिच्या हातात दिले. तिने उभ्यानेच वाचले, मग बसून पुन्हा वाचले.

"काऊन केलं बे असं?"

"तुझा पहिला लेख छापून आला म्हणून."

तिने कागद मला परत दिले. मग तिने वह्या उचलल्या, पिशवीत घातल्या आणि म्हणाली, "वह्या नेऊन राह्यलो मी. पण चौथ्या कलमात ते मैत्रीण लिहिलं हाये ना, ते खोड."

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या समजुतीप्रमाणे खरा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

पुष्पांजली वामनराव शेळके (सही)

साक्षीदार :
१. शेषराव सखाराम मानघाले, दस्तलेखक, मेहकर (सही)
२. मंजुळाबाई दत्तात्रय पळसकर, निवृत्त शिक्षिका, डोणगाव (सही)

स्थळ : डोणगाव. दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५.

खाडाखोडीची नोंद : कलम ४ मधील "मैत्रीण" हा शब्द खोडून "शेजारीण" असे केले आहे. खाडाखोड माझ्या हातची असून तिथे माझी सही आहे.