जोडीच्या भाकरी आणि अडकलेलं तोंड

परभणी,
दिवाळीचा पाडवा

तीर्थरूप धुरपताक्कास,

धाकट्या गोविंदाचा साष्टांग नमस्कार. इकडे मी, चिरंजीव महारुद्र, सूनबाई सविता आणि नात ईश्वरी खुशाल आहोत. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुमची ती मारकी म्हैस, तिघांची खुशाली कळव. (फोनवरच विचारली असती, पण तू उचलत नाहीस आणि सुनेकरवी धाडलेला निरोपही ऐकून घेत नाहीस. म्हणून कितीतरी वर्षांनी कागद-पेन घेतलंय. अक्षर तेव्हाही असंच वाकडं होतं, त्यामुळे काळजी करू नकोस.)

आता मूळ मुद्दा. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "गोविंदा, औंदा तरी येतूस का न्हाई भाऊबीजेला? न्हाई म्हनलास तर पुन्ना इचारनार न्हाई बघ." मागच्या वर्षी माझ्या मोतीबिंदूपायी तू ओवाळायचं ताट मांडून दिवेलागणीपर्यंत वाट बघितलीस, हे मी विसरलेलो नाही. म्हणून मी लगेच तोंड उघडलं ते "येतो" म्हणायला. नेमकी तेव्हाच मला शिंक यायला लागली. डोळे मिटले, नाक वर गेलं, तोंड वाकडं झालं आणि तुमच्या राणीसावरगावची रेंज गेली. (रेंज कुणाची गेली यावर ईश्वरीचा आणि माझा वाद चालू आहे. मी ती तुमच्यावर ढकलतोय.) ते वाकडं तोंड तुझ्या फोनवर अडकलं ते अडकलंच. तुझी सून निकिता सांगते की तू चष्मा लावून ते बराच वेळ न्याहाळलंस, "बहिनीचं नाव काढलं की असं तोंड करायलाय मेला" म्हणालीस आणि फोन तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकलास. इकडे मी शिंकून मोकळा होऊन बंद फोनात "येतो, येतो, नक्की येतो" म्हणत बसलो होतो.

ईश्वरी आधी पोट धरून हसली, मग मला शिकवायला बसली. (ती इंजिनिअरिंगला आहे, हे तुला ठाऊक आहेच, आजोबाने जन्मभर पोरांना गणित शिकवलं, हे मात्र ती सोयीने विसरते.) तिचं म्हणणं असं की फोनमधून आवाज, चित्र, सगळं एक आणि शून्य होऊन जातं. वाटेत एखाद्या एकाचा शून्य होतो. तो ओळखू यावा म्हणून पाठवणारा शेवटी एक जास्तीचा आकडा जोडतो, असा की त्यातले '१' हे आकडे मोजले तर नेहमी सम भरावेत. पोचल्यावर विषम भरले की समजायचं, वाटेत गडबड झाली, पुन्हा मागवा. हे ऐकलं आणि अक्का, मी ताडकन उठून बसलो. म्हटलं, पोरी, हे तुझ्या पुस्तकात यायच्या आधी झरीत आमच्या चुलीपाशी होतं!

आठवतं का तुला? मी परभणीत खोली करून शिकायला होतो आणि झरीहून सकाळच्या एसटीने आपल्या आईचा डबा यायचा. भाकरी तू थापायचीस. मला डबा पुरेना तेव्हा तुला शंका आली, आणि तू आईला न सांगता, फक्त मला कळवून नेम केलास की भाकरी कायम जोडीने घालायच्या. पहिल्याच खेपेला माझ्या हाती विषम भाकरी आल्या आणि बजरंग कंडक्टर पकडला गेला. त्याच्या मिशीला भाकरीवरचे तीळ लागले होते तरी तो म्हणे, "डबा सांडला असंल." पण गडी हुशार, जोडीचा नेम त्याने ओळखला. पुढच्या खेपेपासून तो दोन-दोन खाऊ लागला. डबा सम, माझं पोट अर्धं, आणि मी तुला सगळं ठीक असल्याचं कळवत राहिलो! ईश्वरी म्हणाली, "आजोबा, दोन चुका एकदम झाल्या की ही युक्ती फसतेच, परीक्षेत विचारतात." आम्हाला ते बजरंगने शिकवलं.

मग तू प्रत्येक जोडीमागे एक तळलेली मिरची घालू लागलीस. बजरंगला तिखट सोसत नव्हतं. भाकरी दोन कमी आणि मिरची तशीच, म्हणजे चोर सापडला. इथवर तुझं आणि ईश्वरीच्या पुस्तकाचं बरोबर जुळतं. पुढे मात्र पुस्तक मागे पडलं. तू भांडली नाहीस. फडक्यात वेगळी भाकरी आणि पिठलं बांधून तू एसटीपाशी गेलीस आणि म्हणालीस, "बजरंगभाऊ, हे तुमचं. लय लांबून येताव, उपाशी कशाला ऱ्हायचं?" त्या दिवसापासून माझ्या डब्यातली भाकर कधी कमी झाली नाही. उलट एसटी बंद पडली तरी बजरंग डबा सायकलवर घेऊन यायचा. अक्का, त्या डब्याचं झाकण उघडलं की जो वास यायचा तो मला आजही येतो. आई गेली, झरीची ती चूल गेली, बजरंगही गेला. त्या चुलीपाशी बसलेल्यांत आता तू आणि मीच उरलोय, आणि आपण डाळीच्या डब्यातल्या फोनवरून रुसायलोय.

बरं, मी गप्प बसलो नाही. ईश्वरी म्हणाली, पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं. म्हणून व्हॉट्सॲपवर "येतो, येतो, नक्की येतो" असं लागोपाठ पाठवत सुटलो. ते शब्द न शब्द बिनचूक पोचले, फक्त पाथरीच्या तात्यारावांना. (आपले चुलतभाऊ. बोट घसरलं.) ते बिचारे सदरा घालून पाथरीच्या स्टँडवर उभे राहिले आणि दिसेल त्या जीपमध्ये डोकावत बसले. निरोप धड पोचला की नाही हे तपासता येतं, योग्य घरी पोचला का, हे पुस्तकाला कळत नाही.

असो. थोरल्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. राग सोड.

तुझा,
गोविंदा

ता. क. फोन काढायचा नसेल तर राहू दे डाळीत. एसटीने डबा पाठव. भाकरी जोडीने आल्या तर मी यायचं, विषम आल्या तर यायचं नाही.

ता. क. २. वरचं रद्द. ईश्वरी म्हणते, नव्या कंडक्टरलाही भूक असेल. त्याने एक भाकर खाल्ली तर मी घरी बसेन आणि तू पुन्हा दिवेलागणीपर्यंत ताट मांडून. हा धोका मला पत्करायचा नाही.

ता. क. ३. हे शेवटचं तुझ्याच ओसरीवर बसून लिहितोय. आज भाऊबीज. पत्र पोस्टात टाकलं असतं तर वाटेत काय झालं असतं कोण जाणे, म्हणून स्वतःच आणलंय आणि निकिताच्या हाती आत पाठवतोय. तिने पाणी दिलं, पण ती तुझी पोच धरता येत नाही. सविताने करंज्या दिल्यात, जोडीने मोजून. तू मोजशील तर एक कमी भरेल. कंडक्टरला बोल लावू नकोस, गंगाखेडच्या पुढे मलाच भूक लागली. आता ताट घेऊन बाहेर ये. आणि ओवाळताना मला शिंक आली, तर ती पुरी होऊ दे, मग माझ्या तोंडाकडे बघ.