मानोऱ्यातली दुर्मीळ साखर

६ एप्रिल, रविवार
आजपासून रोज डायरी लिहिणार. पुढे कुणी विचारलं, शोध कसा लागला, तर पुरावा हवा.
विषय एका ओळीत: काही रोगजंतूंच्या अंगावर एक साखर असते. ती उसात नाही, मधात नाही, माणसात नाही. साध्या ग्लुकोजमध्ये एकेक बदल करत ती बनवायची. उद्या तिच्यावरून लस निघू शकते. ती मी बनवणार, मानोऱ्यासारख्या लहान गावातल्या कॉलेजात.
पीएचडीचं रजिस्ट्रेशन ३१ मेला संपतं. गाईड नीलिमा मॅडम अमरावतीहून म्हणाल्या, रवी, हे शेवटचं एक्स्टेन्शन. पीएचडी झाली तर कॉलेजात परमनंट. नाही तर तासिका तत्त्वावरचे तासही गेले. वेळ भरपूर आहे.

८ एप्रिल
ग्लुकोजची नको ती टोकं बांधून झाली, म्हणजे बदल करताना ती मध्ये येणार नाहीत. ती शेवटी आम्लात सोडायची. आता खरी स्टेप, ग्लुकोज बदलण्याची. तिला उणे अठ्ठ्याहत्तर डिग्री लागते. ड्राय आइस नागपूरला मिळतो, पण एसटीत कारंज्यापर्यंतच उडून जाईल. लॅब अटेंडंट बाबूसिंगने कुल्फीवाल्याकडून बर्फ अन् खडेमीठ आणलं. उणे बारा आलं. छान! परदेशी लोक आकडे फुगवतात.
बाबूसिंगने विचारलं, सर, मलई कवा टाकाची?

९ एप्रिल
प्लेटवर तपासलं. जुन्या अन् नव्या पदार्थाचा एकेक ठिपका द्यायचा. नवं काही बनलं असेल तर तो वेगळ्या उंचीवर चढतो. दोन्ही ठिपके अगदी एका रेषेत. म्हणजे नवा पदार्थ जुन्यावर गेलाय, लेक आईवर जावी तसा. शुभलक्षण.

१७ एप्रिल, दुपार
बाहेर चव्वेचाळीस. लाइट नाही. माझं सॉल्व्हंट चाळीसला उकळतं. बाटलीचं झाकण काढलं तर आपोआप खदखदू लागलं! शेगडी वाचली. थिसिसमध्ये ‘ऊर्जाबचत’ असा मुद्दा घालणार.
डोकं फार दुखतंय.

२७ एप्रिल
शेवटची आम्लाची सोडून सगळ्या स्टेप्स उरकल्या, पण साखर काकवीसारखी चिकट. स्फटिक होत नाहीत. काचेच्या कांडीने फ्लास्क आतून खरवडला. फ्लास्क फुटला. निम्मी काकवी टेबलावरून परत गोळा केली.
घरी बायको, वैजयंती, म्हणाली, तुमची साखर पातयच काहून राह्यते? मी संशोधनातल्या संयमावर बोललो. ती ब्लाउज शिवत ऐकत होती. घर तिच्याच मशीनवर चालतं. म्हणाली, तुमी परमनंट झाले का मी एक दिवस मशीन बंद ठेवीन, अन् नुसती झोपीन. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत नक्की.
मग मलाच झोप आली नाही.

५ मे
संकल्प: स्फटिक दिसेपर्यंत चहा बंद.
११.३०: चहा घेतला. उष्णतेला उष्णता मारते.

९ मे
मॅडमचा फोन. थंडीच्या स्टेपनंतर प्लेट पाहिली होती ना? मी म्हटलं, पाहिली. हे खोटं नव्हे. पाहिली होतीच.

१३ मे
झाले! आम्लात टोकं सोडली, रात्रभर ठेवलं अन् सकाळी तळाशी पांढरेशुभ्र स्फटिक! मी रडलो. बाबूसिंगला वाटलं, पुन्हा काहीतरी फुटलं. तो झाडू घेऊन आला.
सॅम्पल नागपूरला तपासणीला पाठवलं. वैजयंतीने बचत गटात पेढे वाटले. आमच्या यायनं जंतूची साखर बनोली, असं सांगून आली. रिपोर्ट येऊ दे म्हणणार होतो. राहून गेलं.

२३ मे
रिपोर्ट आला. आधी मॅडमचाच फोन. सॅम्पल अतिशय शुद्ध आहे म्हणाल्या. मी थँक यू म्हटलं. मग त्या म्हणाल्या, रवी, हे ग्लुकोज आहे. साधं. थंडीची स्टेप झालीच नाही. तुम्ही टोकं बांधली अन् सोडली, बस. प्लेटवर दिसलं नाही का तुम्हाला?
दिसलं होतं.
आठ दिवसांत काही होणार नाही, म्हणाल्या. आवाज मऊ होता, तेच सहन झालं नाही.
वैजयंतीला एवढंच सांगितलं की ग्लुकोज निघालं, एकदम शुद्ध. ती म्हणाली, बनलं ना काहीतरी!
उद्या कुल्फीवाल्याकडून दुप्पट मीठ आणायचं.

२५ मे, दवाखाना
काल लॅबमध्ये पडलो. ऊन लागलं. बाबूसिंगने मोटरसायकलवर मागे बसवून, दुपट्ट्याने स्वतःच्या पाठीला बांधून आणलं म्हणे.
हाताला सलाइन. सिस्टर म्हणाली, आम्ही ग्लुकोज चढवून राह्यलो. वैजयंती उठून बाटलीजवळ गेली, बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच विचारलं, हे तुमी बनोलं तेच ना?
सगळं सांगून टाकणार होतो. तिच्या बोटांवर सुईचे काळे ठिपके दिसले.
हो, म्हटलं. रसायनशास्त्राप्रमाणे हे खोटं नव्हे.
तिने शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला सांगितलं. तिलाही तीच बाटली लागलेली. म्हातारीने वर बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात जोडले.
मीही जोडले. सुई हलली, फार दुखलं.