ह्यांच्या गिटारला शेंगाचटणीचा वास

७ जाने., मंगळ.
आज परत तेच. आरशासमोर भांग, पावडर, मग दारात उभं राहून जाहीर केलं, "चार पस्तीसला निघतो. सहा दहाला घरी." बत्तीस वर्षं एस.टी. स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या, रिटायर झाले तरी सवय जाईना. पण कुठं, ते सांगत नाहीत. आठ महिने खिडकीशी मुका बसलेला माणूस महिनाभरात शीळ घालायला लागला. संशय येणार नाही तर काय? उजव्या हाताच्या बोटांवर वळ. विचारलं तर "पिशवीचे". पिशवी कुठली!

१० जाने., शुक्र.
मागे गेले. होय, गेले. रिक्षात, डोक्यावरून पदर घेऊन. विजापूर वेशीत एका दुकानावरची खोली. मनात बाई तयारच होती, गोरी, केस कापलेली. वर बघते तर पांढऱ्या दाढीचे कादरमास्तर, पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. समोर हे, मांडीवर हवाईयन गिटार आडवी घेऊन. डाव्या हातात स्टीलची कांडी, उजव्या बोटांत तारा छेडायच्या नख्या. वळ त्या नख्यांचे! कांडी तारांवरून सरकवली की सूर ओढला जातो. ह्यांचा सूर शेपूट सापडलेल्या मांजरासारखा.
मास्तर म्हणाले, "आवो भाभी, बैठो. साब, दबाना नक्को. सिरफ रखो, सरकाओ."
हे घामाघूम. मला हसू येत होतं, रडूही.

१२ जाने., रवि.
गिटार आता उजळ माथ्यानं घरी. सकाळ-संध्याकाळ सराव. सूर एक जागेवर असेल तर शपथ! पण माणूस केवढा खूश. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला चल म्हणाले, आपणहून. मी तोंडावर "छान जमतंय".

२० जाने., सोम.
लिहू की नको? लिहिते. हे पेन्शनच्या कामाला बाहेर. पुसायला म्हणून गिटार उचलली, ती मांडीवरच आली. कांडी थंडगार. मास्तरांचं ध्यानात होतं, दाबायचं नाही. ठेवली, तार छेडली, सरकवली. सूर हातातून निघून पार मानेपर्यंत. अंगावर काटा. लहानपणी हादग्याला म्हणायचो त्या गाण्याची पहिली ओळ शोधली. सापडली. दुसरीही. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, देव जाणे. डाळ करपली. इतकं सुख शेवटचं कधी झालं होतं, आठवेना.

२८ जाने., मंगळ.
रोज वाजवते, हे बाहेर गेले की. हे बरं नव्हे. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांना कॅरममध्ये हरवलं होतं. बोर्ड त्याच दिवशी माळ्यावर गेला, अजून तिथंच आहे. मी बरी वाजवते हे कळलं तर गिटारही माळ्यावर. मग परत ती खिडकी, ते मुकेपण. ते मला नको. आणि वाजवणं सोडायला सांगाल तर तेही नको.

४ फेब्रु., मंगळ.
घोटाळा. काल शेंगाचटणीचे हात, तशीच बसले वाजवायला. कांडी तेलकट झाली म्हणून तारेच्या घासणीनं खसाखसा घासली. ताटासारखी लखलखली. आज हे क्लासवरून तणतणत आले. "मास्तर इचारतेत, किसने घिस्या? चरे पडलेत. खरखर वाजतंय की सगळं."
मी म्हटलं, "स्टीलची दिसली, भांड्यांत गेली असंल."
"आन् तारांना शेंगाचटणीचा वास? त्याबी भांड्यांत गेल्या?"
मी चहा टाकायला आत.

११ फेब्रु., मंगळ.
नवी कांडी आली. नख्यापण, लहान मापाच्या. "दुकानदारानं चुकून दिल्या. माझ्या बोटात न्हाई जात. ठेव कुठंतरी." मग बदलून का नाही आणल्या? आठाण्याच्या कोथिंबिरीवरून परत जाणारा माणूस! मुकाट्यानं डब्यात ठेवल्या. माझ्या बोटांत चपखल बसतात. (मोरीत जाऊन बघितलं.)

१५ फेब्रु., शनि.
चार दिवस ह्यांनी गिटारला हात लावलेला नाही. "बोट दुखतंय." शीळ बंद. घोषणा मात्र आता रोज. "चार पस्तीसला निघतो. सहा दहाच्या आत येत नाही." 'आत येत नाही' वर जोर. क्लास तर फक्त मंगळ-शुक्र. बाकीचे दिवस कुठं जातात? मला मोकळीक देतात, की पकडायला टपलेत? की सोडलीच गिटार, माझ्यामुळे? सारखी माळ्याकडे नजर जाते.

१८ फेब्रु., मंगळ.
घोषणा झाली, दार लागलं. मी नख्या चढवल्या. हादग्याचं गाणं अर्ध्यावर आलं आणि लक्ष गेलं. ह्यांच्या चपला दाराशी, घरातच. अनवाणी कुठं जाणार हा माणूस? जिन्यात. गाडी सुटल्याचं पुकारलं आणि गाडी फलाटावरच!

हात थांबले. मग मुद्दाम कांडी जरा अलीकडे ठेवली, हे ठेवतात तशी. सूर उतरला. दारापलीकडून, अगदी जवळून, "च्च्." गाडी लेट झाली की करायचे तोच आवाज.
परत मुद्दाम चुकले. परत "च्च्".

म्हणजे सूर कळतो ह्यांना. म्हणजे स्वतःचा चुकायचा तेव्हाही कळत होता. आणि मी रोज "छान" म्हणत होते.

कांडी सरकवून बरोबर जागी आणली. बाहेर चिडीचूप. मग सगळं गाणं वाजवलं, शेवटपर्यंत, येतं तसं खरं.

आता सहा वीस. गिटार मांडीवरच, वही तिच्यावर ठेवून लिहितेय. बेल वाजलेली नाही. बत्तीस वर्षांत ह्यांना स्वतःला कधी उशीर झाला नाही. चपला इथं. दार मी उघडायचं, की ह्यांनी बेल वाजवायची?